बागेतली छोटी चेरी तोडायची आहे, लाकूड वाया घालवायचं नाही: जाणकारांनी सांगावं

टेम्सकाठची

नमस्कार मंडळी. मी इंग्लंडात रेडिंगला राहते. घराच्या मागच्या बागेत आधीच्या मालकांनी लावलेली चेरीची दोन झाडं आहेत. एक 'कान्झान', म्हणजे वसंतात गुलाबी दुहेरी फुलांनी लगडणारी जपानी शोभेची जात. दुसरं आंबट चेरीचं. त्याला फळं धरतात, पण ती कबुतरांच्या वाट्याची. कान्झानच्या मुळांनी मागच्या दारातल्या फरशा उचलल्या आहेत आणि सासूबाई तिथे ठेचकाळता ठेचकाळता वाचल्या. दुसरं झाड कुंपणाला इतकं खेटून आहे की शेजारी भेटले की गोड आवाजात विचारतात, "मग काय ठरलं?"

तर ठरलं आहे. कान्झानचा बुंधा छातीच्या उंचीला 18 सेंमी, आंबटीचा 14. फांद्या फुटेपर्यंत सरळ खोड दोन्हींचं दीडेक मीटर. झाडं तोडणाऱ्यांना विचारलं तर ते सगळं यंत्रात घालून चुरा करून नेतो म्हणाले. ते काही माझ्याने बघवणार नाही. नवरा हौशी सुतार आहे, गॅरेजमध्ये छोटा लेथ आहे. मनात आहे पोळपाट-लाटणं, दोन-चार पळ्या, जमलं तर देवाला छोटा पाट.

तोडायचं कधी, ओंडके किती लांब ठेवायचे, वाळवायचं कसं? यूट्यूबवर दहा जण दहा गोष्टी सांगतात.

वृक्षमित्र_४२०

झाडं तोडायला धागा काढताय? छान. फरशा हलवा की.

टेम्सकाठची

@वृक्षमित्र, त्यांच्या बदल्यात एक सफरचंद आणि एक हेझेल लावणार आहोत, घरापासून लांब. फरशा एकदा हलवून झाल्या आहेत. मुळांनी पुन्हा उचलल्या.

मँचेस्टरचा_मावळा

लाकडाचं नंतर बघू, आधी कागदपत्रं. खाजगी बागेतल्या झाडाला सरकारी तोड-परवाना लागत नाही, इथवर सगळे सांगतात. पण दोन गोष्टी कौन्सिलच्या संकेतस्थळावर तपासा. झाडावर संरक्षण आदेश आहे का? आणि घर संवर्धन क्षेत्रात, म्हणजे जुनं रूप जपण्यासाठी कौन्सिलने ठरवलेल्या भागात, येतं का? संवर्धन क्षेत्रात जमिनीपासून दीड मीटरवर 75 मिमीपेक्षा जाड असलेल्या झाडाला हात लावण्याआधी कौन्सिलला 6 आठवड्यांची लेखी सूचना द्यावी लागते. तुमची दोन्ही त्यात बसतात. उत्तर आलं नाही आणि मुदत उलटली तर तोडता येतं. संरक्षण आदेश असेल तर मात्र परवानगीशिवाय फांदीसुद्धा नाही, दंड जबर आहे.

तिसरं म्हणजे घरटी. 1981 च्या वन्यजीव कायद्याने वापरात असलेलं घरटं मोडणं गुन्हा आहे. इथला विणीचा हंगाम साधारण मार्च ते ऑगस्ट. म्हणजे आत्ता नोव्हेंबरात सूचना टाकली तर जानेवारीत काम, असं गणित आपोआप जुळतं.

आणि घर चिकणमातीवर असेल आणि झाड भिंतीच्या अगदी जवळ असेल तर आधी एखाद्या तज्ज्ञाला दाखवा. झाड पाणी ओढायचं बंद झालं की चिकणमाती फुगते, पाया वर उचलला जाऊ शकतो. छोट्या चेरीला धोका कमी, पण विचारायला काय जातं.

पुणेकर_रंधा

आपल्याकडेही महाराष्ट्रात शहरात झाड तोडायचं तर 1975 च्या कायद्याप्रमाणे वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, स्वतःच्या आवारातलं असलं तरी. नाहीतर कुणीतरी हा धागा वाचून उद्या करवत घेऊन अंगणात उतरायचा.

सुतारपक्षी

ताई, पोळपाटाचं आधी बोलू, कारण सगळं नियोजन त्यावर फिरतं. 18 सेंमीचा बुंधा म्हणजे साल काढून 16-17. पोळपाट लागतो 24-25 सेंमीचा. एका तुकड्यातून तो निघत नाही. कुणीतरी सांगेल, ओंडक्याची आडवी चकती पाडा, आयता गोल मिळेल, छोटा तर छोटा. ती चकती फाटणार.

लाकूड लांबीत जवळजवळ आटत नाही. आटतं ते आडवं, आणि आडव्यातही दोन दिशांना वेगवेगळं. मध्यापासून सालीकडे कमी, वर्षवलयांच्या अंगाने जवळपास दुप्पट. अमेरिकन काळ्या चेरीचे आकडे छापील आहेत: ओल्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत त्रिज्येत 3.7 टक्के, वलयांच्या दिशेने 7.1. साग उगाच नावाजलेला नाही, त्याचे 2.5 आणि 5.8. तुमच्या चेऱ्या वेगळ्या जातीच्या, आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण प्रकार तोच. आता 16 सेंमीची चकती घ्या. घेर झाला 50 सेंमी. दोन आटण्यांतला फरक 3.4 टक्के, म्हणजे घेर 17 मिमी कमी पडतो. घरातल्या लाकडाचा ओलावा शून्यावर जात नाही, 10 टक्क्यांच्या आसपास थांबतो, तरी सेंटिमीटरभर तूट राहतेच. ती भरून निघते सालीपासून मध्यापर्यंत एका पाचरीच्या आकाराच्या चिरेने. हळू वाळवा, झाकून वाळवा, चीर उशिरा पडेल एवढंच.

तेव्हा ओंडका गोल ठेवायचा नाही. झाड पडलं की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, उभा मधोमध फाडायचा. पाचर लावून घणाने फाडलात तर रेषा धाग्याधाग्याने जाते आणि खोडाला पीळ आहे का तेही कळतं. करवतीने कापलंत तरी चालेल, पण काप मधल्या बिंदूतूनच जायला हवा. अर्धा ओंडका वाळताना सपाट बाजूला मधोमध किंचित फुगतो, रंध्याने ते निघून जातं. तडकायला मात्र कारण उरत नाही, कारण घेर आता मोकळा झालेला असतो.

टोकांचं काम त्याहूनही घाईचं. पाणी लाकडाच्या अंगापेक्षा टोकांतून कितीतरी जोरात निघतं. टोक आधी आटतं, मधलं अजून ओलं, आणि टोकाला केसासारख्या चिरा सुरू होतात. एकदा सुरू झालेली चीर मागे येत नाही. म्हणून झाड पाडायच्या आधी डबा आणि ब्रश हाताशी ठेवा. लाकडाच्या टोकांसाठी मेणाचं इमल्शन मिळतं, ते सगळ्यात चांगलं. नाहीतर घरातला उरलेला ऑइलपेंट, दोन जाड हात. ज्या फांद्या तोडल्या त्यांच्या गाठींच्या तोंडांनाही लावा. तोडल्यापासून तासा-दोन तासांत व्हायला हवं. चहा नंतर.

लांबी जेवढी हवी त्यापेक्षा दोन्हीकडे हातभर नको, पण 10-15 सेंमी जास्त ठेवा. तेवढं टोक बहुतेक फेकावंच लागतं.

खादाड_खवय्या

चेरीच्या काटक्या फेकू नका, बार्बेक्यूत धुरासाठी सोनं आहे ते. बाकी चालू द्या.

कुडाळचो_झिल

आमच्या घरात तीन पिढ्या सुतारकाम. चेरी कधी हातात आली नाही, पण फणस, आंबा, शिवण पुष्कळ. सुतारपक्षींनी जे सांगितलं ते आमचे आजोबा वेगळ्या शब्दांत सांगायचे. पाऊस संपल्यावर, कार्तिक-मार्गशीर्षात झाड पाडायचं. ओंडक्याच्या तोंडांना शेण-माती लिंपायची, ऊन लागू द्यायचं नाही. मग कापून फळ्या पडवीत चिपांवर रचायच्या. आंब्याचं लाकूड असेल तर आधी पाण्यात बुडवून ठेवायचे, कीड कमी लागते म्हणून.

आणि एक, झाड कृष्ण पक्षात पाडावं. अमावास्येच्या जवळ. लाकडात रस कमी असतो.

तर्ककर्कश

झिल, आदर आहे, पण चंद्राने खोडातलं पाणी कमी होतं याला आधार काय? तोडायला हिवाळा बरा हे मान्य, पण तेही लोक समजतात त्या कारणासाठी नाही. हिवाळ्यात खोडातलं पाणी फार उतरतं अशातला भाग नाही. थंडीत ते हळू बाहेर पडतं, त्यामुळे चिरा कमी, बुरशी कमी, आणि भोकं पाडणारे किडे झोपलेले. बास.

कुडाळचो_झिल

आधार काय ते मी कसा सांगू! आजोबांनी काढलेल्या फळ्यांना पोरकिडा लागलेला पाहिला नाही एवढं सांगतो. बांबूचं तर अजूनही सगळे पाळतात.

सुतारपक्षी

बांबूत निदान एक दुवा आहे. बांबूतल्या पिठूळ भागावर भुंगेरा जगतो, आणि तो साठा ऋतूप्रमाणे कमी-जास्त होतो. पाण्यात बुडवण्यामागेही तेच: साखर आणि पिष्ट धुऊन जातं. चंद्राचं मला पटत नाही. पण तिथी पाळणारा माणूस दिवस ठरवून, तयारीने झाड पाडतो, टोकं लगेच लिंपतो, सावलीत रचतो. फायदा त्या शिस्तीचा असावा असं माझं मत. चेरीसाठी पंचांग बघू नका ताई, हवामानाचा अंदाज बघा. कोरडं वारं सुटणार असेल तो दिवस टाळा, ढगाळ सर्द दिवस उत्तम. इंग्लंडात त्याची टंचाई नाही.

अभ्यासू_आजोबा

ब्रह्मदेशात सागाचं झाड उभं असतानाच बुंध्याभोवती साल आणि बाहेरचं लाकूड गोल तासून मारत असत आणि तसंच तीनेक वर्षं ठेवत. ओला साग पाण्यावर तरंगत नाही, आणि तिकडे वाहतूक नदीतून. उभ्याउभ्या वाळलेलं हलकं लाकूड तराफ्यांनी रंगूनला जाई. चेरीला असं करता येईल का?

सुतारपक्षी

@आजोबा, माहिती मस्त. पण चेरीला नको. सागाच्या गाभ्यात मुळात कीड-बुरशीला दाद न देणारं तेल आहे. चेरीचं बाहेरचं फिकट लाकूड नाजूक. उभं मेलेलं झाड म्हणजे सालीखाली भोकं पाडणाऱ्या किड्यांना आमंत्रण, आणि वर ते पाडताना फांद्या कधी कुठे मोडतील सांगता येत नाही.

टेम्सकाठची

केवढी माहिती! कौन्सिलचं तपासलं. संरक्षण आदेश नाही, पण आमची गल्ली संवर्धन क्षेत्रात आहे, मला पत्ताच नव्हता. सूचना टाकली आहे. दरम्यान कान्झान नीट निरखून पाहिली. जमिनीपासून डोक्याएवढ्या उंचीवर खोडाला गोल फुगवटा आहे, आणि त्याच्या वरची साल खडबडीत, खालची गुळगुळीत, आडव्या रेघांची, चकाकणारी. हा रोग आहे का?

मँचेस्टरचा_मावळा

रोग कसला, लॉटरी आहे! ते कलम आहे. शोभेच्या चेऱ्यांची कलमं बहुधा युरोपातल्या रानचेरीच्या खुंटावर बांधतात, कधी जमिनीलगत तर कधी अशी वर. तुमचं वर बांधलेलं आहे, म्हणजे खालचं सगळं सरळ खोड रानचेरीचं. युरोपात फर्निचरला वापरतात ती हीच चेरी. गाभा तांबूस, कधी त्यात हिरवट पट्टे. फुगवट्याच्या आसपास धागे वेडेवाकडे असतील, तेवढा तुकडा वेगळा ठेवा, लेथवर दिसायला भारी निघतो.

आता पाडण्याबद्दल. छोट्या बागेत अख्खं झाड आडवं पाडायच्या फंदात पडू नका. वरून एकेक फांदी उतरवा. एवढ्या जाडीला चांगली धनुकरवत पुरते, साखळीकरवत लागत नाही. आणि ती असलीच तर शिडीवर चढून चालवायची नाही, कुणीही, कधीही. जाड फांदीला आधी खालून थोडा काप, मग वरून, नाहीतर साल सोलत खोडाच्या पोटापर्यंत फाटत येते, आणि खराब होतं ते नेमकं तुम्हाला हवं असलेलं लाकूड.

एक युक्ती. खोड तळाशी कापून मग खुंट खणत बसण्यापेक्षा, फांद्या उतरवल्यावर बुंध्याभोवती खणा, मुळं तोडा आणि दीड मीटरच्या खोडाचाच तरफेसारखा उपयोग करून सगळं मुळासकट उलथवा. खुंटही गेला आणि बुंध्याचा खालचा रुंद भागही हातात आला. रानचेरीची मुळं मागे राहिली तर हिरवळीतून फुटवे काढत राहते, त्याचाही बंदोबस्त झाला. फक्त कापण्याआधी सालीतली माती-खडे तारेच्या ब्रशने झाडून घ्या. एक खडा करवतीचे दात जेवतो.

रेवती_नॉर्विच

तोडलेल्या फांद्या शेजारच्या घोड्या-बकऱ्यांच्या तोंडी लागू देऊ नका. चेरीची कोमेजलेली पानं जनावरांना विषारी असतात, त्यांत सायनाइड तयार होतं. जानेवारीत पानं नसतील, पण उन्हाळ्यात छाटणी करणाऱ्यांसाठी लिहिलं. आणि ज्यांना झाड ठेवून नुसतं छाटायचं आहे त्यांनी ते भर उन्हाळ्यातच करावं. हिवाळ्यातल्या जखमांतून रुपेरी पानाचा बुरशीजन्य रोग शिरतो. मुळासकट काढायचं असेल तर अर्थातच तो प्रश्न नाही.

टोकियोची_टिपूर

साल फेकू नका. अकिता प्रांतातल्या काकुनोदातेला रानटी चेरीच्या सालीचं 'काबाझाइकु' काम चालतं, अठराव्या शतकापासून. चहाचे डबे, छोट्या पेट्या. सालीचे पापुद्रे घासून चमकवतात आणि लाकडावर गरम करून चिकटवतात. जुन्या जपानी छापचित्रांचे ठसेसुद्धा डोंगरी चेरीचेच, कारण लाकूड इतकं एकसारखं बारीक की केसाएवढी रेघ कोरली तरी तुटत नाही. तुमच्या तुकड्यांवर एखादा रांगोळीचा ठसा कोरून बघा.

टेम्सकाठची

काम झालं! जानेवारीच्या एका ओल्या, सर्द शनिवारी. खोड तरफेसारखं वापरून उलथवायची युक्ती बरोबर चालली, शेवटच्या जाड मुळापाशी दोन पुरुष आणि एक शेजारी लटकले होते. कापलेल्या तोंडांना मी मागोमाग ब्रश घेऊन फिरत होते.

आत गुलाबी-केशरी रंग निघाला, आणि वास बदामासारखा. गाभ्याजवळ काही ठिकाणी काळपट ठिपके आहेत, चिकट. कलमाच्या फुगवट्याच्या वर तर सालीतून पिवळा डिंक ओघळलेला. हे वाईट का?

खोडं फाडून चार अर्धी झाली आहेत, एक मीटर वीसची. जाड फांद्यांचे मनगटाएवढे तुकडे पुष्कळ. आता?

सुतारपक्षी

डिंक चेरीचा स्वभाव आहे, ठिपके त्याचेच. राहू देत, पळीत चांगले दिसतात.

आता तीन ढीग करा.

मनगटाएवढ्या फांद्यांना वाळवायच्या भानगडीत पडूच नका. त्या मधोमध फाडून, मधला बिंदू तासून काढून, ओल्यातच पळ्या आणि चाटू कोरा. ओली चेरी चाकूखाली फार गोड चालते, वाळली की हाताचा घाम काढते. लगेच जमणार नसेल तर तुकडे पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये, नाहीतर पाण्याच्या बादलीत. कोरलेली पळी पातळ असल्यामुळे आठवडाभरात न तडकता वाळते, फक्त पहिले काही दिवस कागदात गुंडाळून रेडिएटरपासून लांब ठेवा.

बेचकं आणि कलमाचा फुगवटा लेथसाठी. वाडगा ओल्यातच ढोबळ कातून घ्यायचा, भिंत व्यासाच्या दहाव्या भागाएवढी जाड ठेवून, म्हणजे 15 सेंमीच्या वाडग्याला दीड सेंमी. मग त्याच भुशासकट कागदी पिशवीत घालून गार खोलीत ठेवा. तो लंबगोल होईल, होऊ दे. पुरता वाळला की पुन्हा लेथवर चढवून गोल करायचा, जाडी त्यासाठीच राखलेली.

अर्ध्या खोडांच्या फळ्या. मधला बिंदू जिथे आहे ती कड पूर्ण छाटून टाका, मग 35 मिमीच्या फळ्या काढा. एका अर्ध्यातून दोन, नशीब असेल तर तीन, रुंदी 6 ते 10 सेंमी. साल काढून टाका, कीड सालीखालीच घर करते. फळ्यांमध्ये 20-25 मिमीच्या कोरड्या पट्ट्या, दर फूटभर अंतरावर, आणि वरच्या थरातली पट्टी बरोबर खालच्या पट्टीवर. एखादी जरी सरकली तर तिथे फळीला कायमचा बाक येतो. वर फरशा ठेवा, तुमच्याकडे उचललेल्या आहेतच. जागा गॅरेजची उत्तरेकडची भिंत किंवा बागेतली पत्र्याची छपरी, वारं हवं पण थेट ऊन-पाऊस नको.

वेळ म्हणाल तर इंच जाडीला एक वर्ष असा ढोबळ हिशेब. आकड्यापेक्षा वजनावर भरवसा ठेवा.

मिशिगनवाली

वजनाचं मी सांगते, आम्ही इथे काळ्या चेरीवर हेच करतो. फळीच्या मधून, टोकाकडून नाही, 2-3 सेंमीचा काप घ्या, लगेच वजन करा. समजा 92 ग्रॅम. ओव्हनमध्ये 100 ते 105 अंशांवर ठेवा, अधूनमधून वजन करत राहा, घटायचं थांबलं की काढा. समजा 60 ग्रॅम भरलं. गेलेलं पाणी 32 ग्रॅम, भागिले कोरडं वजन 60, म्हणजे ओलावा 53 टक्के. टक्का नेहमी कोरड्या वजनावर मोजतात, म्हणून काही ओल्या लाकडांत तो शंभराच्या वर जातो, दचकू नका. याच हिशेबाने अख्ख्या फळीचं कोरडं वजन काढून फळीवर पेन्सिलीने लिहून ठेवा. नंतर नुसता काटा पुरतो.

28-30 टक्क्यांपर्यंत लाकूड आटतच नाही, पोकळ्यांतलं सुटं पाणी जातं. त्याच्या खाली गेलं की खरं आटणं सुरू. म्हणून पहिले काही आठवडे "काही होत नाहीये" म्हणून लोक फळ्या घरात हीटरजवळ आणतात आणि तिथेच घात होतो. आमच्याकडे हिवाळ्यात तळघरात भट्टी चालू असते, हवा इतकी कोरडी की लाकूड 6-7 टक्क्यांवर जातं. ओली फळी तिथे नेली की कडकड आवाज येतो.

पुणेकर_रंधा

उलट बाजू सांगतो. रेडिंगमध्ये घरात 10 टक्क्यांवर बसलेला पाट पुण्या-मुंबईला आणलात तर जुलैत तो 15-16 वर चढणार. काळ्या चेरीला दर एक टक्का ओलाव्यामागे वलयांच्या दिशेने पाव टक्का फरक पडतो. 24 सेंमीच्या पोळपाटाला पाच टक्क्यांमागे 3 मिमी. म्हणून पोळपाट करताना चार अरुंद फळ्या कडेला कड जोडून गोल कापा, पण खालच्या आडव्या पायपट्ट्या पूर्ण लांबीला गोंदाने चिकटवू नका. मध्ये एक स्क्रू घट्ट, दोन्ही टोकांना लांबट भोकात सैल. लाकडाला सरकायला जागा हवी, नाहीतर पहिल्या पावसाळ्यात नाही तर पहिल्या उन्हाळ्यात जोड उकलणार.

आणि सालीसकट कच्चं लाकूड बॅगेत घालून भारतात आणू नका, वनस्पती-विलगीकरणाचे नियम कडक आहेत. वस्तू करून आणा.

गल्लीतला_गावसकर

सरळ फांदीचा एक दांडू आणि विटी राहू द्या की! रेडिंगच्या पोरांना दाखवा खेळ काय असतो.

टेम्सकाठची

गावसकर, दांडू झाला. विटीने शेजाऱ्यांच्या काचघराचा वेध घेतल्यामुळे तो सध्या कपाटात आहे.

ऑक्टोबरची खबर: छपरीतल्या फळ्या वजनाच्या हिशेबाने 19 टक्क्यांवर आल्या आहेत आणि आता घटायच्या जवळपास थांबल्या. टोकांना चार-पाच सेंमीच्या चिरा, बाकी स्वच्छ. एक फळी मात्र स्क्रूसारखी पिळली आहे. पळ्या सहा झाल्या. वाडगा अंड्यासारखा झालाय आणि पिशवीत आहे.

मिशिगनवाली ताई, अजून घटतील का, की आता आत आणू?

मिशिगनवाली

तुमच्या हवेत आडोशाला 16-18 च्या खाली जाणं कठीणच, ओल्या ऑक्टोबरात तर नाहीच. आता आत आणा, पण पायऱ्यापायऱ्यांनी. आधी न तापवलेल्या खोलीत महिनाभर, मग राहत्या घरात, कपाटाच्या वर किंवा पलंगाखाली, पट्ट्या तशाच ठेवून. 10-11 वर स्थिरावलं की रंधा लावा. पिळलेली फळी सरळ करायच्या नादी लागू नका, तिचे लाटण्यापुरते छोटे तुकडे पाडा, आखूड तुकड्यात पीळ उरत नाही. लाटणं 35 सेंमी लांब, 3 सेंमी जाड, आरामात निघेल.

टेम्सकाठची

आणि पळ्यांना तेल कुठलं? आई म्हणते शेंगदाण्याचं लाव, घरात आहे ते.

कुडाळचो_झिल

खोबरेल लावा, आम्ही तेच लावतो.

सुतारपक्षी

खोबरेल आणि शेंगदाणा दोन्ही लाकडात ओलेच राहतात, पुन्हापुन्हा लावावं लागतं, शेंगदाण्याला तर काही दिवसांनी खवट वास येतो. जवसाचं कच्चं तेल घ्या, खायच्या दुकानातलं. ते हवेत सुकून घट्ट होतं. पातळ हात, अर्ध्या तासाने जास्तीचं पुसून काढा, आठवडाभर उजेडात टांगून ठेवा, असं दोन-तीनदा. चेरी उजेडानेच गडद होते, त्यामुळे पळ्या खिडकीत ठेवल्यात तर रंगही लवकर चढेल. फक्त अर्ध्या भागावर काही झाकलेलं राहू देऊ नका, तेवढा फिकट राहतो.

तेल पुसलेली फडकी चुरगळून कचऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं, बोळा आपोआप पेटू शकतो. बाहेर तारेवर सुटी पसरून वाळवा, मग टाका.